मुलांचा न लिहिलेला अर्ज

'मारून मारून कोडगा झाला आहे,' हे वाक्य आपल्या समाजात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात एक कबुलीजबाब दडलेला आहे याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बोलणाऱ्याचा रोख मुलावर असतो. मूल निगरगट्ट आहे, कोणाचे ऐकत नाही, त्याला कशाचेच काही वाटत नाही, अशी ती तक्रार असते. परंतु वाक्याकडे नीट पाहिले तर कार्यकारणभाव त्यात स्वच्छ मांडलेला आहे. मूल आधी कोडगे होते म्हणून त्याला मारावे लागले, असे ते वाक्य म्हणत नाही; मारल्यामुळे ते कोडगे झाले, असे म्हणते. मानसशास्त्राने आणि वैद्यकाने गेल्या साठ वर्षांत मोठ्या प्रयासाने जे दाखवून दिले, ते आपल्या बोलीला फार पूर्वीपासून ठाऊक होते. भाषेला ठाऊक असलेली ही गोष्ट आपल्या घरांनी, शाळांनी आणि कायद्याने मात्र अद्याप पुरतेपणी मनावर घेतलेली नाही.

प्रश्न थोड्या घरांचा आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती प्रथम दूर करावयास हवी. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांविषयी एक विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांकडून तीत माहिती घेण्यात आली होती. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसल्याचे सांगितले. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांच्या बाबतीत मारणारे हात आई-वडिलांचे होते. निम्म्या मुलांनी मानसिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि तेथेही ८३ टक्के प्रकरणांत छळणारे आई-वडीलच होते. लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार वाट्यास आलेल्या मुलांचे प्रमाण ५३ टक्क्यांहून अधिक आढळले, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. या पाहणीतील आणखी एक निष्कर्ष मला या सर्व आकड्यांहून महत्त्वाचा वाटतो. बहुतेक मुलांनी घडलेली गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

याला आणखी एका पाहणीची जोड द्यावी लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १८ ते ४९ या वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. हा आकडा स्त्रियांच्या प्रश्नाचा म्हणून आपण वाचतो आणि तो तसा आहेही. पण या घरांत मुले असतात. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असतात, अंथरुणात डोळे मिटून जागी असतात, धाकट्या भावंडाच्या कानांवर हात ठेवून बसलेली असतात. त्यांच्या अंगावर वळ उठलेला नसतो, म्हणून त्यांची गणना कोठेच होत नाही.

एककाच्या आत काय असते?

ही गणना का होत नाही, याचे उत्तर शोधताना मला माझ्याच विषयाकडे वळावे लागते. अर्थशास्त्रात कुटुंब हे एक एकक मानण्याची प्रथा आहे. कुटुंबाचे उत्पन्न, कुटुंबाचा खर्च, कुटुंबाची बचत असे आपण म्हणतो, आणि त्या एककाच्या आत कोणाच्या ताटात काय पडते, कोणाच्या अंगावर काय पडते, हे विचारीत नाही. गॅरी बेकर यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यातील कुटुंबप्रमुख हा घरातील सर्वांचे हित पाहणारा परोपकारी गृहस्थ आहे. अमर्त्य सेन यांनी या चित्राला आव्हान दिले. कुटुंबात सहकार्य असते तसा संघर्षही असतो, आणि ज्याची बाजू दुबळी त्याच्या वाट्यास कमी येते, हे त्यांनी मांडले. सेन यांचा भर स्त्रियांवर होता. तोच युक्तिवाद मुलांना लावला तर तो अधिकच कठोर होतो, कारण घरात मुलाइतकी दुबळी बाजू दुसऱ्या कोणाची नसते.

ही दुर्बलता नेमकी कशात आहे, हे समजून घेण्यास अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली केलेली एक मांडणी उपयोगी पडते. एखादी संस्था बिघडली की तिच्यातील माणसापुढे दोन मार्ग असतात, असे तो म्हणतो. एक, तेथून बाहेर पडणे. दुसरा, आवाज उठवणे. दुकानदार वजनात मारू लागला तर आपण दुकान बदलतो. कचेरीत अन्याय झाला तर कारकून अर्ज करतो, संघटनेकडे जातो, फारच झाले तर नोकरी सोडतो. या दोहोंच्या आड येणारी तिसरी गोष्ट म्हणजे निष्ठा. आपल्या माणसांना, आपल्या संस्थेला सोडून जाणे जड वाटते म्हणून मनुष्य पुष्कळ काही सोसतो.

आता सात वर्षांच्या मुलाची स्थिती पाहा. त्याला बाहेर पडता येत नाही. अन्न, छप्पर, शाळेची फी, सारे त्याच घरातून येते. त्याला आवाज उठवता येत नाही. तक्रार ज्याच्याविरुद्ध, तिचा निवाडाही त्याच्याचकडे. उरते ती निष्ठा, आणि ती मुलाकडे अपार असते. मारणाऱ्या बापाची तो संध्याकाळी वाट पाहतो. कोंडून ठेवणाऱ्या आईच्याच कुशीत त्याला झोपायचे असते. ज्यांच्या आधाराने आपण जगतो तीच माणसे आपल्याला अपाय करतात, हा विचार लहान मनाला पेलत नाही. त्याहून सोपा विचार ते स्वीकारते : आपणच वाईट आहोत, म्हणून असे होते. मार थांबल्यावरही हा विचार थांबत नाही. माझ्या मते कौटुंबिक छळाचे मानसिक नुकसान येथे सुरू होते. वळ आठवड्यात जातो. स्वतःविषयी झालेले हे मत प्रौढपणापर्यंत पुरते.

अर्जाची भाषा

ज्याला बोलता येत नाही तो दुसऱ्या मार्गाने सांगतो. मुलाचे वर्तन हाच त्याचा अर्ज असतो. तो शब्दांत लिहिलेला नसतो, त्यावर कोणाचे नाव नसते, आणि त्याची भाषा अशी असते की वाचणाऱ्याला तो अर्ज न वाटता अपराध वाटतो.

लहान वयात हा अर्ज शरीराच्या भाषेत येतो. अंथरूण ओले करणे थांबलेले असताना पुन्हा सुरू होते. मूल झोपेत दचकून उठते, बोलताना अडखळू लागते, डॉक्टरांना काही न सापडणारी पोटदुखी धरून बसते. थोड्या मोठ्या वयात तो अभ्यासाच्या आणि शिस्तीच्या भाषेत येतो. लक्ष लागत नाही, गुण घसरतात, वही हरवते. खोटे बोलणे सुरू होते. कारण ज्या घरात खरे बोलल्याची शिक्षा हमखास मिळते, त्या घरात खोटे बोलणे हा शहाणपणा ठरतो. घरात जे आपल्याशी होते तेच वर्गातील दुबळ्या मुलाशी किंवा रस्त्यावरील कुत्र्याशी करून पाहिले जाते. पौगंडावस्थेत तो घर सोडून पळण्याच्या, व्यसनाच्या, मारामारीच्या किंवा स्वतःलाच इजा करून घेण्याच्या भाषेत येतो.

परंतु सर्वच अर्ज गोंगाट करीत येत नाहीत. काही मुले घुमी होतात, हसत नाहीत, खेळात उतरत नाहीत. काही तर नको तितकी गुणी होतात. आईला मारहाण होते त्या घरातील थोरली मुलगी नवव्या वर्षीच धाकट्यांची आई होते. वर्गात ती शांत असते, वही नीटनेटकी असते, कोणाची तिच्याविषयी तक्रार नसते. बंडखोर मुलाकडे निदान रागाने का होईना, पण कोणी पाहते. या मुलीकडे कोणीच पाहत नाही, आणि तिची वेदना पुष्कळदा विवाहानंतर, बाळंतपणानंतर किंवा प्रौढ वयातील औदासीन्याच्या रूपाने प्रथम दिसते.

या साऱ्याला शारीरिक पाया आहे. धोका दिसला की शरीर सावध होते, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, ताणाची द्रव्ये रक्तात उतरतात. धोका टळला की हे सारे शमते. पण धोका रोज संध्याकाळी घराचा जिना चढून येत असेल तर शरीराला शमण्याची सवड मिळत नाही. असे मूल वर्गात बसलेले असते तेव्हाही त्याचा एक कान दाराकडे असतो. बाक सरकल्याच्या आवाजाने ते दचकते, शेजाऱ्याचा साधा धक्का त्याला हल्ला वाटतो आणि त्याचा हात उठतो. जगण्यासाठी जे घरात आवश्यक आहे तेच ते शाळेत करीत असते. आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

या अनुभवांचे ओझे किती दूरवर वाहिले जाते, याचा पुरावा अमेरिकेतील एका अभ्यासाने दिला. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी सॅन डिएगो येथे सतरा हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. मारहाण, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरातील व्यसन वा मानसिक आजार अशा प्रतिकूल अनुभवांची त्यांनी मोजदाद केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या निबंधानुसार, असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये मद्यासक्ती, अमली पदार्थ, औदासीन्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे अनुभव न आलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या अभ्यासातील लोक झोपडपट्टीतील नव्हते. आरोग्यविमा असलेले, पुष्कळसे महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले, असा तो मध्यमवर्ग होता. दारिद्र्य आणि दारू यांनी घरातील हिंसा वाढते हे खरे. पण ती केवळ वस्तीतली गोष्ट आहे आणि आपल्या सोसायटीत तसे काही नसते, हा समज सोयीचा असला तरी खरा नाही. वस्तीतल्या भिंती पातळ असतात म्हणून आवाज बाहेर येतो, इतकाच पुष्कळदा फरक असतो.

शेरा आणि सही

हा न लिहिलेला अर्ज घराबाहेर सर्वप्रथम जेथे पोहोचतो ती जागा शाळा होय. मूल दिवसाचे पाच-सहा तास, वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस ज्या प्रौढ माणसांच्या नजरेसमोर असते, ती माणसे म्हणजे शिक्षक. म्हणून या लेखाचा मुख्य रोख शिक्षकबंधू आणि भगिनी यांच्याकडे आहे.

आपल्याकडे अर्ज आला की काय होते? वहीवर किंवा कॅलेंडरमध्ये लाल शाईने शेरा लिहिला जातो : 'वर्गात लक्ष नसते, मारामारी करतो, पालकांनी भेटावे.' खाली पालकांची सही हवी असते. प्रगतिपुस्तकाचे तेच. बहुसंख्य घरांत या सहीचा अर्थ एक बोलणे आणि फार तर थोडी नाराजी इतकाच असतो. पण ज्या घराविषयी आपण बोलत आहोत तेथे ती सही फुकट मिळत नाही. ज्याच्याविरुद्ध अर्ज होता त्याच्याच हाती तो अर्ज, उत्तरासह, आपण पोहोचता केलेला असतो. दुसऱ्या दिवशी मूल सही घेऊन येते, आणखी गप्प किंवा आणखी दांडगे होऊन. आणि शेऱ्याचा काही उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष शिक्षक काढतात. खोट्या सह्या करणारी मुले आपण फसवणुकीबद्दल शिक्षेस पात्र ठरवतो. त्या सहीमागे कोणती भीती होती, हे एकदा तरी विचारण्याची पद्धत मात्र आपण पाडली नाही.

शिक्षकांवर सारा भार टाकण्याचा येथे हेतू नाही. एका वर्गात पन्नास-साठ मुले, जनगणना आणि निवडणुकीची कामे, रोज मागवली जाणारी माहितीपत्रके या चक्रात सापडलेल्या शिक्षकाने मानसोपचारही करावा, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. बेंगळूरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातील सुमारे सात टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचे आढळले होते. म्हणजे साठांच्या वर्गात सरासरी चार मुले. त्यांवर उपचार करणे हे तज्ज्ञांचे काम आहे. शिक्षकांकडून अपेक्षा आहे ती इतकीच की, अर्जाला त्यांनी अपराध समजू नये. 'तू असे का केलेस?' या प्रश्नाऐवजी 'तुझे काय चालले आहे?' हा प्रश्न एकट्याला बाजूला घेऊन विचारणे यास प्रशिक्षण लागत नाही. पालकांना निरोप पाठवण्यापूर्वी या घरात निरोपाचे काय होईल याचा क्षणभर विचार करणे, यासही लागत नाही.

महाविद्यालयात हीच मुले आमच्याकडे सतराव्या-अठराव्या वर्षी येतात. तोपर्यंत अर्ज जुना झालेला असतो. तपशील बदलून एक उदाहरण सांगतो. प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी रोज ग्रंथालय बंद होईपर्यंत बसलेला असे, आणि तरीही चाचणीत त्याला गुण नसत. शिपाई दिवे मालवू लागला की तो उठे. अभ्यास होत नाही तर इतका वेळ बसतोस कशाला, असे ग्रंथपालांनी सहज विचारले, तेव्हा त्याने सांगितले की, वडील झोपल्यानंतर घरी गेले की बरे पडते. दहा वर्षांत हे त्याने प्रथमच कोणाला तरी सांगितले होते. कारण दहा वर्षांत कोणी प्रथमच विचारले होते. हजेरीपत्रकावर आणि गुणपत्रिकेवर या मुलाची जी नोंद होती ती एका आळशी विद्यार्थ्याची होती.

आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?

या विषयावर बोलू लागले की हा प्रश्न हटकून येतो. तो प्रामाणिक असतो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातच नमुना कसा निवडला हे विचारायला शिकवतात. हा प्रश्न जे विचारू शकतात ते निभावून गेलेले असतात. जे शाळा सोडून गेले, जे व्यसनात बुडाले, जे या जगातच राहिले नाहीत, ते साक्षीला येत नाहीत. शिवाय, जे निभावले ते मारामुळे निभावले की मार असूनही निभावले, हे त्यांच्या यशावरून ठरवता येत नाही. घरात मार होता तसे प्रेमही होते, आजी होती, चांगले गुरुजी होते. श्रेय कशाला द्यायचे हे आपण आपल्या सोयीने ठरवतो.

परंपरेचा आधार देणारेही पुष्कळ आहेत. पहिली पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे आणि सोळाव्या वर्षी पुत्राला मित्र मानावे, असा चाणक्याच्या नावावर सांगितला जाणारा श्लोक त्यांना पाठ असतो. दहा वर्षे ज्याने मार खाल्ला तो सोळाव्या वर्षी मैत्रीचा हात कसा पुढे करील, याचा खुलासा कोणी करीत नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चाही दाखला दिला जातो. पोहायला भिणाऱ्या श्यामला आईने मारले, हे खरेच त्यात आहे. पण श्यामच्या मनात आयुष्यभर राहिली ती मारणाऱ्या आईपेक्षा, मारल्यानंतर डोळ्यांत पाणी आणणारी आई. शिवाय मुलाला न मारता वाढवण्याचा विचार आपल्या मातीत परका नाही. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी आणि पुढे अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांना शिक्षण दिले, ते भीतीवाचून. ज्या मुलांविषयी 'यांना मारल्याशिवाय काही येणार नाही' असे म्हटले जात असे, त्याच मुलांमध्ये त्यांनी ते करून दाखवले.

याबरोबरच उलट बाजूची अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. छळ झालेले मूल पुढे गुन्हेगार किंवा अत्याचारीच होते, हा समज चुकीचा आणि त्या मुलांवर नवा अन्याय करणारा आहे. कॅथी विडम या संशोधिकेने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणी छळ वा दुर्लक्ष सोसलेल्यांपैकी २६ टक्के मुलांना अल्पवयात अटक झाल्याचे आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांत हे प्रमाण १७ टक्के होते. धोका वाढतो हे उघड आहे. पण चारांपैकी तिघांच्या वाट्याला अशी अटक आली नव्हती, हेही तितकेच उघड आहे.

या तिघांना कोणी वाचवले? हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला. दारिद्र्य, कलह, पालकांचे व्यसन वा मानसिक आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम आणि प्रेमळ प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट वारंवार आढळली : निदान एक तरी प्रौढ व्यक्ती अशी होती की जिचा आधार त्यांना खात्रीने वाटत होता. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. धोरणाच्या दृष्टीने पाहिले तर इतक्या अल्प खर्चात इतका मोठा लाभ देणारी दुसरी गुंतवणूक मला माहीत नाही.

कायद्याचा उंबरठा

कायदा या प्रश्नात कोठवर येतो? शाळेच्या दारापर्यंत तो ठामपणे आलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. घराच्या उंबरठ्याशी मात्र तो घुटमळतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ मुलाचा ताबा असणाऱ्याने केलेल्या क्रूरतेस तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही सांगते. पण त्यात 'अनावश्यक' शारीरिक वा मानसिक यातना असा शब्द आहे. काही यातना आवश्यक असतात, असा त्याचा अर्थ कोणी लावला तर त्याला काय म्हणावे? बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृत्यास संरक्षण देणारे भारतीय दंड संहितेतील जुने कलम ८९, जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २७ म्हणून कायम आहे. मुलांना पालकांच्या ताब्यात असतानाही हिंसेपासून संरक्षण देण्याचे बंधन घालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा आपण १९९२ सालीच स्वीकार केला, हे ध्यानात घेता ही विसंगती अधिकच खटकते.

आई-बापांना तुरुंगात घालून घरे सावरत नाहीत, हा आक्षेप योग्य आहे. स्वीडनने १९७९ साली पालकांनी मुलांना मारण्यावर जगात प्रथम बंदी घातली तेव्हा त्या तरतुदीला स्वतंत्र शिक्षा जोडलेली नव्हती. उद्देश समाजाची रीत बदलण्याचा होता. घरोघर माहितीपुस्तिका गेल्या आणि दुधाच्या खोक्यांवरही ही माहिती छापली गेली. आज साठांहून अधिक देशांत अशी बंदी आहे, आणि आपल्या शेजारी नेपाळने २०१८ साली दक्षिण आशियात ती प्रथम आणली. आपल्यालाही असा निःसंदिग्ध उद्घोष हवा आहे. 'माझ्या मुलाला मी मारीन, तुम्ही कोण?' या वाक्यामागचा मालकी हक्क कायद्याने एकदा नाकारला की, शेजाऱ्याला दार ठोठावण्याचे आणि शिक्षकाला विचारण्याचे बळ येते.

तोपर्यंत जे आहे ते वापरले पाहिजे. मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनी सेवा आज शासकीय यंत्रणेमार्फत चालते. मुलाला किंवा कोणाही नागरिकाला तेथे विनामूल्य बोलता येते. बाल न्याय कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात बालकल्याण समितीची तरतूद केलेली आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि तो शिक्षकांनाही लागू आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यान्वये छळ सोसणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या संरक्षणाबरोबर मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. आईला राहावयास सुरक्षित जागा आणि हाती चार पैसे असणे हा मुलाच्या मानसिक आरोग्याचा भाग आहे, हे आपल्या योजना आखणाऱ्यांनी विसरता कामा नये. जिला बाहेर पडण्याचा मार्ग आहे, तिच्या मुलालाही तो लाभतो. आणि प्रत्येक शाळेत नाही तरी निदान शाळांच्या प्रत्येक गटामागे एक पूर्णवेळ समुपदेशक नेमणे ही मागणी शिक्षक संघटनांनी वेतनाच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरावी.

शेवटी, हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी हे सारे स्वतः सोसले आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. जे घडले तो तुमचा अपराध नव्हता. तुम्ही कोडगे नाही, मठ्ठ नाही, आणि तुमच्या वडिलांचा राग वारशाने घेण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही. ज्याच्यावर विश्वास वाटतो अशा एका माणसाला सांगा. ते जमत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा आहे, तेथे नाव न सांगताही बोलता येते. आणि इतरांनी, म्हणजे शिक्षकांनी, शेजाऱ्यांनी, काकांनी, मावश्यांनी, आपल्यासमोर आलेल्या मुलाच्या वागण्याकडे एकदा अर्ज म्हणून पाहावे. सरकारी कचेरीत आलेल्या अर्जाला निदान आवक क्रमांक तरी मिळतो. मुलांच्या अर्जाला तेवढाही मिळू नये, ही गोष्ट स्वतःला सुसंस्कृत म्हणवणाऱ्या समाजास शोभणारी नाही.